काढलेला, किडीनं

दिवाळी अंकवाल्या ताई घरी आल्या. बोलल्या, "आजी, तुमच्या नोकरीचं काहीतरी सांगा. सणाचा अंक आहे, छान गोड सांगा." मी बोलले, बाय, माझी नोकरी किडक्या दातांची. गोड माझ्याकडं मागू नका. ताई हसल्या. मी काय हसले नाय.

मी बोलते आनि नातसून लिवून घेते. मला अक्षर येतं ते सहीपुरतं. तिला पयलंच बजावलंय, माझा राग पुसून काढायचा नाय, जसा येतो तसा लिवायचा.

तर नोकरी काय ती आदी सांगते. आमी मासवणच्या पल्याड पाड्यावर राहनारी मानसं. पावसाच्या पान्यावर भात-नागली, मंग जो तो कामाला बाहेर. तिकडं तारापूरला समुद्राकाठी वीजघराचं मोठं बांधकाम नुकतं निघालं होतं, सवीचा बा, म्हंजे माझा नवरा, तितं दगड फोडायला होता. सवी आमची मुलगी. एकच जगली. मी शाळेत पानी भरायची.

त्या वर्सांत मुंबईहून एक मोठे डॉक्टर आले. दातांचे. त्यांच्याकडं नवी दंतपूड होती. ती लावली तर पोरांचे दात किडायचे थांबतात का, हे त्यांना बगायचं होतं. आमच्याकडं दात घासायला काय, तर कोळसा, तुसाची राख, नायतर करंजाची काडी. बायांना मशेरी. डॉक्टरांनी शाळेच्या वट्यावर खुर्ची मांडली, उनाकडं तोंड करून, म्हंजे तोंडात उजेड पडतो. पयलाच पोरगा बसला आनि त्यानं डॉक्टरचं बोट चावलं. चांगलं रगत काढलं. मी हंडा खाली ठेवला, पोराला धरला, त्याचं डोकं माझ्या दोन गुडघ्यांत घेतलं, बकरीला औषध पाजताना घेतात तसं, आनि गालाच्या सांध्यात अंगठा दाबला. तोंड आपसूक उघडलं. डॉक्टर बोट चोखत बोलले, "बाई, उद्यापासून तू माझ्याकडे ये."

तेवढंच. अर्ज नाय नि इचारपूस नाय.

पोरांची डोकी धरायची, आरसे आनि दात टोचून बगायचे आकडे उकळत्या पान्यातून काढायचे. आनि हाकारा द्यायचा. हाकारा हे आमचं आमीच पाडलेलं नाव. डॉक्टरच्या तोंडाला फडकं बांधलेलं, ते आतल्या आत बोलायचे. लिवनारे जोशी मास्तर लांब दाराशी बसायचे, कारन जवळ बसले की पोरांच्या रडन्याची थुंकी कागदावर उडायची. म्हनून डॉक्टर पुटपुटतील ते मी ऐकायचं आनि मोठ्यानं ओरडायचं. जोशी मास्तर डॉक्टरकडं बगायचे नायत. माझा आवाज आला की त्यांचा टाक हलायचा.

चारच शब्द. चांगला. किडलेला. काढलेला. भरलेला. वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू, फिरत फिरत खाली. किडलेला असला तर कुटल्या बाजूनं तेपन. दाढेला पाच बाजू असतात, घराला चार भिती आनि छप्पर तसं. आनि पोराचा दुधाचा दात आपसूक पडला तर तो यात धरायचा नाय, तो आमच्याकडं कौलावर फेकतात नि उंदराकडं नवा मागतात, तो उंदराचा.

चार शब्दांतला "भरलेला" हा मी इतक्या वर्सांत एकदाच ओरडले. रेल्वे स्टेशनात कामाला असलेल्या एका मानसाच्या पोरीचा, तिनं तो मुंबईत भरून आनलेला. आमच्या पोरांना तो शब्द कधी लागलाच नाय. याच्यावर कोनाला काय वाटलं असंल असं मला तरी कधी दिसलं नाय.

पोरांना वळखायला डॉक्टरांनी पत्र्याचे बिल्ले दिले. गोल, आकडा ठोकलेला. बायांनी तो काळ्या दोऱ्यात ओवला नि पोरांच्या गळ्यात बांधला. ताईतच केला त्याचा. तापलेल्या पोराच्या कपाळाला बिल्ला लावायच्या. मी बोलायची, अगो, तो दातांचा हाय. तर बोलायच्या, "गळ्यात हाय तर सगळ्यालाच लागंल."

आता पुडीचं. डबे दोन जातीचे, एकाला तांबडं झाकन, एकाला हिरवं. एकात औषध, दुसऱ्यात नुसती पूड. कुटल्यात काय ते डॉक्टरला ठाव नाय, मला नाय, कोनालाच नाय. मुंबईत कोनीतरी लिवून कुलपात ठेवलेलं. मी इचारलं, असं आंधळं काम कशाला? तवा हिशेबसाहेब बोलले, "बाई, कळलं की आपलं मन खोटं बोलायला लागतं. ज्याला औषध दिलं त्याची कीड डोळ्याला लहान दिसते."

हे हिशेबसाहेब म्हंजे आकड्यांचे. दातांतलं त्यांना काय कळत नव्हतं, तसं तेच सांगायचे. पोरगेलासा मानूस, हडकुळा, चष्मा, कोनाशीबी तुमी-आमी करून बोलनारा. मोजलेल्यातून खरं काय निघतं ते बगायचं काम त्यांचं. ते आले ते आमच्या बायांच्या चुकीपायी.

झालं काय, डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकून पोरागनिक डबा वाटला होता. एका घरात थोरल्याला तांबडा, धाकटीला हिरवा. आता तुमीच सांगा, आमच्या पाड्यावर एका पोराला एक आनि दुसऱ्याला दुसरं असं कुटली आय देईल? ससा मारला तर त्याची शेपटीपन सगळ्यांत वाटायची आमची रीत. बायांनी दोन्ही डबे दुधीच्या तुंबड्यात ओतले, हातानं कालवले आनि सगळ्यांना सारखं लावलं. एका पाड्यावर नाय, सगळ्याच पाड्यांवर. कोनी कोनाला सांगितलं नव्हतं, तरी.

डॉक्टर माझ्यावर धावून आले. "बाई, तू घरोघर जातेस, तुला दिसलं नाही? सगळं मातीत घातलंत तुम्ही लोकांनी!"

दिसलं होतं ना. मला त्यात चूक काय तेच दिसलं नव्हतं.

हिशेबसाहेबांनी तुंबड्यातली पूड बोटावर घेतली नि हसत सुटले. बोलले, "डॉक्टर, यांचं बरोबर आहे. इथे घर एकटं नसतं, पाडा असतो. डबा पोरागणिक नको, पाड्यागणिक द्या. सगळा पाडा तांबडा, नाहीतर सगळा हिरवा. मग कालवा हवं तेवढं." मंग त्यांनी पाड्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकल्या आनि आमच्या पाड्याच्या कारभारी म्हाताऱ्याला हात घालायला लावला. म्हातारा बोलला, "माझ्या हाताला येनार ते देवाच्या मनातलं." साहेब बोलले, "माझ्या मनातलं नाही एवढंच मला हवंय, बाबा." आमच्या पाड्याला हिरवं झाकन आलं.

मला त्या मानसाचं बोलनं पटायचं, कारन ते आमच्यात बसून समजावायचे. एकदा माझ्या हातची भाकर खाताना बोलले, "डॉक्टर दात मोजतात नि खूष होतात, एवढे हजार दात बघितले. पण एका तोंडातले दात म्हणजे एका घरातले भाऊ. एक बिघडला की शेजारचा बिघडतो. भाऊ मोजून गावं वाढत नाहीत. मी पोरं मोजतो. आणि आता तर पाडेच मोजायला हवेत." मला एकदम कळलं. दारुड्याच्या घरात चार भाऊ दारू पितात, म्हनून गावातली चार घरं बिघडली असं कोन बोलंल?

आनि त्यांची एक गोष्ट तर मी अजून सांगते सगळ्यांना. दिवाळी झाली की आमची घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, पोराबाळांसकट. डॉक्टर बोलले, गेलेली नावं काढून टाका. हिशेबसाहेब बोलले, "नाही. जास्त हाल असतात तेच जातात, तेच गूळ-चहावर राहतात, त्यांचेच दात जास्त किडतात. ते काढले की उरलेले आपोआप छान दिसतात. चिठ्ठी निघाली त्या दिवशी पोर आपलं झालं. ते भट्टीवर जावो, डबा सांडो, पूड न लावो, शेवटच्या मोजणीत ते पाहिजेच." मंग मी भट्ट्या फिरले. राखेनं काळ्या झालेल्या पोरांत बिल्ले शोधत.

माझ्या गिऱ्हाईकांचं सांगावं तितकं थोडं. एका घरचा डबा फार लवकर रिकामा व्हायचा. गेले तर म्हातारी तळहातावर पूड घेऊन बसलेली. तोंडात एक दात नाय. मी बोलले, "आज्ये, ही दातांची हाय गो." तर बोलते, "दात नायत म्हनून काय हिरड्या चोरीच्या हायत? वास काय चांगला येतो!" पाम गावातल्या एका पोरानं बिल्लाच खेकड्याच्या आमिषाला लावला होता, चमकतो म्हनून. खेकडा पन मिळाला, बिल्ला पन. मी त्याला बदडला आनि खेकडा घरी आनला.

आता इतनं पुढं हसायचं नाय.

सवीपन त्या मोजनीत होती. आमच्या पाड्याची, हिरव्या झाकनाची. पयल्या मोजनीला तिचं डोकं मीच धरलं आनि माझ्याच तोंडानं सगळे "चांगला, चांगला" ओरडले. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या मोजनीला खालची डावी दाढ "किडलेला". ही दाढ सहाव्या वर्सी येते. आमच्या बायांना वाटतं ती दुधाची, पडंल, दुसरी येईल. मलापन तसंच वाटायचं, पन डॉक्टरांच्या संगतीनं कळलं, की ती पुन्हा येत नाय. गेली ती गेली.

मंग दिवाळीनंतर सवी जेवताना गाल धरायला लागली. मंग जेवायचीच नाय. मी तिला डॉक्टरांपुढं नेली. त्यांनी आकड्यानं हात लावला तशी पोर उडाली.

मी बोलले, "डॉक्टर, काढून टाका ही."

"आत्ता नाही, बाई. होळीनंतर शेवटची मोजणी आहे, ती होऊ दे. मग काढू."

"तवर ती जेवंल कशी?"

"लवंग लाव. गोळी देतो." मंग जोशी मास्तरांना ऐकू जाईल असं बोलले, "मोजणीच्या मध्ये एकाची काढली की सगळ्या आया पोरं घेऊन येतील. शेवटी तोंडात नुसते खड्डे राहतील. मी काय तपासू? खड्डे?"

मी हात जोडले. हो, जोडले. लोकांसमोर जोडले. ते आरसा पुसत बोलले, "बाई, तू कामातली माणूस आहेस. तूच असं केलंस तर बाकीच्यांना काय सांगू?"

सवीचा गाल सुजला. मी तिला घेऊन पालघरला गेले, दवाखान्यात. चालत, मंग कोनाच्या तरी गाडीवर. कंपाउंडर वळखीचा. त्यानं तोंड बगितलं, चिमटा हातात घेतला, आनि तिच्या गळ्यातला बिल्ला बगितला. चिमटा ठेवून दिला.

"यमूबाय, ही तर दातवाल्या डॉक्टरांची पोरगी."

"माझी पोरगी हाय ती!"

"तसं नव्हं. त्यांनी सांगून ठेवलंय, बिल्लेवाल्या पोरांचा दात काढायचा नाय. आमच्या डॉक्टरांना पन सांगितलंय. माझी नोकरी जाईल गो बाय."

"बिल्ला काढते. हा बग, काढला."

"तुला वळखतो ना मी," तो बोलला आनि दुसऱ्या मानसाच्या पायाला पट्टी बांधायला लागला. त्याची मान वर झाली नाय. सुईचं औषध तरी दे, बोलले, तर डॉक्टर बाहेरगावी गेलेत बोलला. मी भांडले. त्या दवाखान्यात कधी कोनी एवढं भांडलं नसंल. पन भांडून दाढ निघत नाय.

सवीचा बा रविवारी आला. पोरगीचं तोंड बगून त्यानं डोक्यावरचं मुंडासं पन सोडलं नाय. "चल," बोलला. बोईसरला बांधकामावरच्या मजुरांचा बाजार भरायचा, तितं वरच्या मुलखातला एक दातवाला रस्त्यावर बसायचा. पुढं गोनपाट, त्याच्यावर काढलेल्या दातांची रास, वर लाल फडकं. शहान्या मानसानं जाऊ नये असलं ठिकान. त्यानं सवीला मांडीवर घेतली, जबड्याखाली बोट दाबलं आनि माझ्याकडं असा बगितला, की मला मारावं असं त्याला वाटलं असंल.

"इतना दिन घर में क्यों रखा, भाभी? नीचे पूरा पस भर गया है. हड्डी तक गया होगा."

सवीचा बा मोडक्या हिंदीत बोलला, "डाक्टर निकालने नहीं देता."

"कौन सा डाक्टर?"

"दाँत का."

दातवाला हसलाच नाय. त्यानं सांडशी उकळत्या चहाच्या पान्यात घातली, मी बगितलं ते. डोकं मीच धरलं. दोन गुडघ्यांत, अंगठा गालाच्या सांध्यात. एवढ्या पोरांची डोकी धरली पन ते डोकं धरनं मला अजून हाताला लागतं. दाढ निघाली तिच्यामागं वाटीभर घान आली. दातवाला बोलला, "अभी के अभी बड़े अस्पताल ले जाओ. मेरा काम इतना ही था." सगळ्यांत खालच्या पायरीवरचा मानूस, आनि त्यानंच काय ते केलं.

मोठ्या इस्पितळात सवी खूप दिवस होती. जबड्याचं हाड सडलं होतं. गालाला बाहेरून भोक पडलं, त्यातनं वाहायचं, आनि एक दिवस त्यातनं हाडाचा तुकडा काढला. सवीचा बा तुकडा बगून बोलला, "कोंबडीच्या हाडाएवढा हाय." मंग तो बाहेर जाऊन बसला. पोर वाचली. पन गाल आत गेला नि जबडा आखडला. तोंड दोन बोटं जातील तेवढंच उघडायचं.

मी कामावर परत गेले. कशी गेले इचारू नका. सवीच्या औषधाला नि घराला माझंच काम होतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मंग बोलले, "फार वाईट झालं. पण तू रस्त्यावरच्या माणसाकडे गेलीस, बाई." आनि जोशी मास्तरांना सांगितलं, "ही मुलगी आता अभ्यासातून कमी करा." मी तितंच उभी. बिल्ला दे परत, असं पन मला बोलले. मी बोलले, हरवला.

हरवला नव्हता. माझ्या कमरेला होता.

शेवटच्या मोजनीला हिशेबसाहेब मुंबईहून आले. सकाळी मी आरसे उकळत होते, ते चुलीशी येऊन बसले. "बाई, सवी कशी आहे? कितवीत गेली?"

मी सांगितलं सगळं. रडत नाय, आरसे फडक्यावर मांडत मांडत सांगितलं. ते ऐकताना चष्मा काढून हातात धरून बसले.

"काढायची नाही असं का बोलले ते?"

"मोजनी बिघडते म्हनून. खड्डा कसा मोजायचा, म्हनून."

"पण बाई, काढलेला दात मोजतातच ना. किडीनं काढला तर तो किडलेलाच धरायचा. तुम्हीच तर ओरडता, काढलेला. तो शब्द त्यासाठीच आहे."

माझ्या हातातला आरसा गरम होता. तो मी तसाच धरून ठेवला. मी बोलले, "मला वाटलं तो आदीच्या काढलेल्यांसाठी. मोजनी सुरू झाल्यावर काढला तर चालत नसंल. ते डॉक्टर हायत. मला काय कळतं?"

हिशेबसाहेब जमिनीकडं बगत बोलले, "अडचण आहे थोडी. आपण दाढेच्या बाजू मोजतो. कीड असते एका बाजूला, पण दाढ काढली की पाचही बाजू किडल्या असं धरावं लागतं. आकडा फुगतो. डॉक्टरांना तो फुगवटा नको होता. पण त्याच्यावर उपाय आहेत. बाजूंऐवजी दात धरा, दोन्ही रीतींनी करून बघा, वेगळं काढून दाखवा. ते माझं काम. ती अडचण कागदावरची होती, बाई." मंग बोलले, "माझी होती. पोरीच्या तोंडातली नव्हती."

इतकी वर्सं झाली. मी हे वाक्य कुटंपन चुलीजवळ बसले की ऐकते. म्हंजे माझ्या पोरीचा जबडा सडला तो आकडा फुगू नये म्हनून. आनि तो आकडा नीट करायला मुंबईत एक मानूस पगार घेऊन बसलेला. त्याला कोनी इचारलंच नाय. एक मानूस मोठा, दुसरा लहान, मोठ्यानं लहानाला इचारायचं नाय. आनि मी तर त्याच्यापन खाली, चुलीजवळ.

मी आरसे नेऊन ठेवले आनि घरी गेले. सवीला उठवली. बोलले, "चल, मोजनीला."

"आये, माझं नाव काढलंय ना?"

"कोनी काढलं? चिठ्ठीत निघालेलं नाव हाय."

बिल्ला तिच्या गळ्यात बांधला. दोऱ्याला दोन गाठी मारल्या. सवी वट्यापाशी वळीत उभी राहिली, फडक्यानं गाल झाकून. मी दिवसभर पोरांची डोकी धरत राहिले, हाकारा देत राहिले. चांगला. किडलेला. किडलेला. जोशी मास्तरांच्या कागदावरची शेवटची वळ झाली, डॉक्टरांनी फडकं सोडायला हात वर केला, तशी सवी खुर्चीत जाऊन बसली.

डॉक्टर बोलले, "ही नाही."

मी बोलले, "हाय."

"बाई, हिचं नाव नाही. आणि तोंड उघडत नाही तर काय तपासणार?"

"बगा तर."

हिशेबसाहेब दाराशी उभे होते. ते फक्त एवढं बोलले, "डॉक्टर, चिठ्ठीतलं नाव आहे." डॉक्टरांनी आरसा घेतला. तो दोन बोटांच्या फटीत जाईना. सवीच्या डोळ्यांत पानी आलं पन ती हलली नाय. मी तिचं डोकं धरलं नव्हतं, नुसता हात ठेवला होता. डॉक्टरांनी समोरचे दात बगितले, लहान आरसा मागितला, तो आत गेला थोडा. पुटपुटत राहिले, मी ओरडत राहिले. चांगला. चांगला. डाव्या बाजूला आले आनि थांबले.

फडक्याआडनं बोलले, "गैरहजर." हा आमच्या चार शब्दांतला नव्हता, म्हंजे दात जाग्यावर नाय एवढंच लिवायचं, किडीनं गेला ते मोजायचं नाय.

जोशी मास्तर टाक धरून थांबलेले. माझ्या आवाजासाठी.

मी ओरडले, "काढलेला! किडीनं!"

जोशी मास्तरांनी पयल्यांदा मान वर करून डॉक्टरांकडं बगितलं, मंग साहेबांकडं.

साहेब बोलले, "बाईंनी सांगितलं ते लिहा."

डॉक्टर फडकं सोडत बोलले, "बाई, तुला कामावर ठेवलं ते—"

"काम आज संपलं ना, डॉक्टर. शेवटचीच मोजनी होती."

ते गाडीत बसले. मला वाटतं त्यांनी वळून बगितलं, पन नक्की नाय सांगता येनार, उन डोळ्यांवर होतं.

पुढं काय झालं इचाराल. मलापन तेच इचारायचंय. तांबडं चांगलं का हिरवं, ते आमच्या पाड्यांवर येऊन कोनीच सांगितलं नाय. बाया मला वाटंत अडवायच्या, "यमूबाय, कुटल्यात औषध होतं गो?" मी काय सांगू? हिशेबसाहेबांची नंतर कुटं तरी लांब बदली झाली ऐकलं. कुलपात लिवून ठेवलेलं होतं, ते कुलूप कोनी उघडलं असंल तर मुंबईत उघडलं असंल. आमची तोंडं मात्र सगळी उघडून बगितली.

सवीचं लगीन झालं. सोयरिकीला आलेले दोघं गाल बगून उठून गेले, तिसरा बसला, तो जावई. चांगला निघाला. तिला भाकर दुधात कुस्करून लागते, अजून. गेल्या साली बोईसरला तिच्या पुतनीचं लगीन होतं. फोटोवाला आला नि सवीला बोलला, "मावशी, जरा या बाजूनं वळा, तो गाल नको यायला." सवी मुकाट वळायला लागली. मी मागं बसले होते, कुडाला टेकून. मला वाटलं होतं माझा आवाज आता गेलाय.

"काढलेला! किडीनं!"

मांडवातली भांडी वाजायची थांबली. वाजंत्रीवाले बगायला लागले, म्हातारीला काय झालं. फोटोवाल्याचा हात तसाच राहिला. सवीनं मात्र मला वळखलं. ती परत सरळ वळली, गाल पुढं करून, आनि हसली. दोन बोटं जातील तेवढं.